पेन्सिलीचा रकाना

भोपाळात कुणाला रक्त हवं असलं तर दोन मार्ग असत. एक म्हणजे ब्लड बँकेच्या खिडकीशी उभं राहून हात जोडायचे आणि दुसरा म्हणजे काशिनाथराव पिंपळापुऱ्यांना फोन करायचा. दुसरा मार्ग जवळचा होता, फक्त त्यात चौकश्या फार. गट कोणता, बाटल्या किती, कोणत्या डॉक्टरने सांगितलं, चिठ्ठी हातात आहे का, असेल तर वाचून दाखवा, आणि अक्षर लागत नसेल तर जवळच्या नर्सबाईंना द्या फोन. एवढं सगळं झालं की काशिनाथराव म्हणत, "ठेवा. बघतो." मग तास-दीड तासात स्कूटरवरून एखादा अनोळखी माणूस दवाखान्याच्या दारात उतरे, बाही वर करून रक्त देई आणि आपलं नावही न सांगता निघून जाई.

काशिनाथरावांचे वडील राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. म्हणजे सरकारने फायली, कपाटं, टेबलं आणि कारकून एकाच गाडीत घालून पाठवले, त्यातल्या चौथ्या सदरात ते होते. काशिनाथरावांचा जन्म इथलाच, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरातला, आणि नोकरीही वडिलांच्याच खात्यात, आवक-जावक शाखेत. सदतीस वर्षं त्यांनी आलेल्या कागदाला आवक क्रमांक दिला आणि गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. मधल्या काळात त्या कागदाचं काय झालं, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता आणि बहुधा इतर कुणाचाही नव्हता. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं तेव्हा त्यांनी टी. टी. नगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मुलगा निनाद कोलार रोडला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होता आणि चला म्हणत होता. पण काशिनाथरावांचं म्हणणं, तिकडून दवाखाने लांब पडतात. स्वतःची तब्येत ठणठणीत असताना केवळ दुसऱ्यांच्या आजारपणासाठी दवाखान्याजवळ घर घेणारा हा भोपाळातला एकटाच गृहस्थ असावा.

रक्ताची वही त्र्याण्णव सालची. ऑफिसातला एक सहकारी स्कूटरवरून पडला आणि सगळी शाखा दवाखान्यात जमली. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्यात ह्या गटाचं कोण आहे. साहेब कोणत्या गटाचे, हे शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं, स्वतःच्या रक्ताचा गट मात्र एकालाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी काशिनाथरावांनी एक जाड रजिस्टर घेतलं, पट्टीने सहा रकाने आखले आणि शाखेतल्या माणसांपासून सुरुवात केली. अनुक्रमांक, नाव, रक्तगट, फोन, पत्ता, शेवटचं रक्तदान. बत्तीस वर्षांत चारशे अठरा माणसं झाली.

पण माणूस सहा रकान्यांत मावत नाही, ही अडचण त्यांना पहिल्या महिन्यातच आली. म्हणून समासात, बारीक टोकाच्या पेन्सिलीने, ते सातवी गोष्ट लिहीत. शाईने लिहिलेलं सरकारी आणि पेन्सिलीने लिहिलेलं खासगी, अशी त्यांची समजूत. मनोहर बोबड्यांच्या समोर लिहिलं होतं: 'सुई पाहून पांढरा पडतो. शेजारी बसून क्रिकेटबद्दल चुकीचं विधान करावं. दुरुस्त करता करता बाटली भरते.' अश्विनीताईंच्या समोर: 'आधी नाही म्हणतात. दहा मिनिटांनी स्वतः फोन करतात. वाट पाहावी.' वासंतीबाईंच्या समोर: 'वजन पन्नास सांगतात. बेचाळीस आहे. मन मोडू नये, चहा पाजून परत पाठवावं.'

आणि मंदार नावाच्या एका तरण्याताठ्या इंजिनिअरच्या समोर होतं: 'रुग्णाचं नाव-आडनाव विचारतो. ऐकून मग यायचं की नाही ते ठरवतो.' त्याखाली दुसऱ्या तारखेला: 'नाव बदलून सांगितलं. आला. रक्त चाललं.'

त्या दिवसापासून काशिनाथरावांनी नियम केला. रक्त कुणासाठी हवं आहे, हे देणाऱ्याला सांगायचं नाही. नाव नाही, आडनाव नाही, बाई की पुरुष तेही नाही. फक्त गट आणि दवाखाना. फोन उचलला नाही तर पुन्हा करायचा, असा सात वेळा, आणि मग एक ठरलेला निरोप पाठवायचा: 'ओ निगेटिव्ह हवे. ताबडतोब. अमुक दवाखाना. का. ना. पिंपळापुरे.' नियम सगळ्यांना सारखा. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "रक्ताला आडनाव नसतं ना, मग फोनला कशाला?" ह्या वाक्यावर ते स्वतःच इतके खूश होते की दर मकर संक्रांतीला तिळगुळाबरोबर ते एकदा तरी ऐकावं लागे.

निनादच्या कंपनीत दर वर्षी समाजकार्याचं बक्षीस असे. ज्यांना वर्षभर समाज दिसत नाही अशा लोकांना मार्च महिन्यात तो एकदम दिसू लागतो. निनादला दिसला तो वडिलांच्या टेबलावर, खाकी कव्हर घातलेला. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला.

"बाबा, ही वही मी कॉम्प्युटरवर घेतो. कुणालाही गट टाकला की नावं दिसतील. तुमच्यावर सगळं अवलंबून राहायला नको."

"रकाने किती?"

"रकाने नाहीतच. हा डॉक्युमेंटवाला डेटाबेस आहे. प्रत्येक माणसाचं एक सुटं पान समजा. कुणाच्या पानावर चार गोष्टी, कुणाच्या चौदा. जे असेल ते लिहायचं. तो नाही म्हणत नाही."

काशिनाथरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. सदतीस वर्षं रकान्यांत काढलेल्या माणसाला सांगितलं जात होतं की रकाने ही सक्ती नाही. जन्मठेपेच्या कैद्याला तुरुंगाचा दरवाजा मुळात लोटलेलाच होता असं सांगावं, तसं त्यांना झालं.

"आणि पेन्सिल?"

निनादचा फोन वाजत होता. "हो बाबा, काहीही टाका," असं म्हणून तो गॅलरीत गेला.

नोंदी घालायचं काम काशिनाथरावांनी स्वतःकडे घेतलं, कारण त्यांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. सरकारी टंकलेखनाची परीक्षा त्यांनी उमेदीच्या काळात दिली होती, ती आता कामाला आली. निनादने पद्धत दाखवली. महिरपी कंस उघडायचा, आधी गोष्टीचं नाव, मग दोन टिंबं, मग ती गोष्ट, मग स्वल्पविराम, शेवटी कंस बंद. बटण दाबलं की पान आत. काशिनाथरावांना हे फार पसंत पडलं. फक्त एका गोष्टीने ते दुखावले. आत गेलेल्या प्रत्येक पानाला यंत्र आपला एक चोवीस अक्षरांचा क्रमांक देत होतं आणि त्यात आकड्यांमध्ये मधूनच इंग्रजी अक्षरं घुसलेली.

"हा कसला क्रमांक? ह्यात क्रमच नाही."

"बाबा, दोन पानांचा नंबर एक होऊ नये एवढंच त्याचं काम."

"मग क्रमांक कशाला म्हणता, ओळखपत्र म्हणा."

पहिल्याच दिवशी त्यांनी मनोहर बोबड्यांचं पान भरून बटण दोनदा दाबलं. आत दोन मनोहर बोबडे तयार झाले. तेच नाव, तोच फोन, तीच सुईची भीती आणि क्रमांक वेगवेगळे. यंत्राला काही वावगं वाटलं नाही. काशिनाथरावांनी कोलारला फोन लावला.

"अरे, एकच माणूस दोनदा आला तरी हा हूं की चूं करत नाही."

"तुम्ही त्याला सांगितलं नाहीत ना की फोननंबर एकदाच असावा. जे सांगितलं नाही ते तो तपासत नाही."

"आमच्या शाखेत असा माणूस असता तर त्याला बढती मिळाली असती," काशिनाथराव म्हणाले आणि निनादच्या सांगण्याप्रमाणे जास्तीचे बोबडे काढून टाकले.

रोज वीस पानं. सकाळी आंघोळ, पूजा आणि मग डेटाबेस. पानात नाव, गट, फोन, पत्ता, शेवटचं रक्तदान आणि शेवटी त्यांनी स्वतःच निर्माण केलेली गोष्ट, 'पेन्सिल'. जिथे समासात काही नव्हतं तिथे ती गोष्टच नाही. यंत्राने कुठेही तक्रार केली नाही. आठवडाभरात शंभरावर पानं झाली आणि मग एका सकाळी रजिस्टराचं पान उलटल्यावर अनुक्रमांक एकशे सदतीस समोर आला.

निनाद काशिनाथ पिंपळापुरे. ओ निगेटिव्ह.

समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आईसाठी सात फोन, एक निरोप. आला नाही.'

चार वर्षांपूर्वीची मार्चची चौदा तारीख. काशिनाथरावांच्या पत्नी नलिनीताई, त्यांच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला होता. त्यांचाही गट तोच, ओ निगेटिव्ह. काशिनाथरावांचा ए पॉझिटिव्ह. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रक्ताची वही ठेवली आणि स्वतःचं रक्त घरच्या माणसाच्या कामाचं नाही, हे त्यांना त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. वहीत त्या गटाची नऊ माणसं. सगळ्यांत जवळ निनाद. त्यालाच आधी फोन लावला. पावणेअकरा ते सव्वाबारा, सात वेळा. शेवटी दुपारी बैरागढहून एक आणि मंडीदीपहून एक असे दोघे आले, रक्त चढलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नलिनीताई गेल्या. डॉक्टर म्हणाले, "दो घंटे पहले मिल जाता तो भी, कह नहीं सकते." डॉक्टर भला माणूस होता, पण 'कह नहीं सकते' हे तीन शब्द कुठल्याही घरात चार वर्षं पुरतात.

निनाद दुपारी तीनला धावत आला होता. काशिनाथरावांनी त्याला काही विचारलं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही. तेराव्यानंतर रजिस्टर उघडून त्यांनी ती ओळ लिहिली. बापलेकांत तेव्हापासून बोलणं होतं, जेवणखाण होतं, दिवाळीला उटणं होतं. फक्त ती चौदा तारीख दोघांच्या मध्ये दिवाणावरच्या लोडासारखी बसलेली असे आणि दोघेही तिला टेकून बसत.

आता ते पान आत घालायचं की नाही? काशिनाथरावांनी तीन दिवस पुढची पानं घातली, एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस, पार दोनशेपर्यंत. पण मध्ये एक क्रमांक राहिला की त्यांना जेवण जात नसे. शिवाय सदतीस वर्षं त्यांनी प्रतींवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला होता. नक्कल म्हणजे नक्कल, तिच्यात एक काना कमी नाही की जास्त नाही. चौथ्या दिवशी त्यांनी कंस उघडला, सगळं लिहिलं, पेन्सिलसुद्धा, आणि बटण दाबलं. निनादने हे कधी वाचावं असं त्यांना वाटत होतं का? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. आवक-जावकमध्ये कागदाला प्रश्न विचारत नाहीत.

काम पुरं झालं. निनादने आकडा पाहिला, चारशे अठरा डॉक्युमेंट्स, आणि खूश झाला. आत काय आहे ते त्याने वाचलं नाही. संगणकवाल्यांची रीतच तशी. त्याने 'टेस्ट एक' आणि 'टेस्ट दोन' नावाची दोन माणसं घालून पाहिली होती, ती दिसली, ती काढली आणि झालं. लोकांना दिसणारं पान त्याने मोठ्या हुशारीने लिहिलं होतं. कुणाच्या पानावर काय काय असेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे त्याने यंत्राला एवढंच सांगितलं होतं की जे असेल ते सगळं दाखव.

उद्घाटन मराठी मंडळाच्या सभागृहात, रविवारी सकाळी अकराला. मंडळाचे अध्यक्ष अच्युतराव मुळमुळे. अच्युतराव कुठल्याही कार्यक्रमात एकाच वेळी व्यासपीठावरही असत आणि फोटोतही. निनादने भिंतीवर मोठा पडदा लावला. काशिनाथराव पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्यामागे शे-सव्वाशे माणसं, बरीचशी वहीतलीच.

"कोणता गट बघायचा?" निनादने विचारलं.

"बी पॉझिटिव्ह टाका. माझाच आहे," अच्युतराव म्हणाले.

पडद्यावर पहिलंच पान उमटलं. अच्युत मुळमुळे, बी पॉझिटिव्ह, फोन, अरेरा कॉलनी. आणि खाली, ठळक अक्षरांत, 'पेन्सिल: दर वेळी फोटोवाला मागवतो. फोटो निघेपर्यंत मूठ उघडत नाही.'

सभागृहात आधी कुणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू पुढे पुढे येत गेलं. निनादने घाईने पडद्यावरचं पान पुढे सरकवलं. खाली वासंतीबाई.

"बेचाळीस नाही हो, चव्वेचाळीस," वासंतीबाई जागेवरूनच म्हणाल्या. "आणि चहा काही तुम्ही फुकट नाही पाजलात, दर वेळी शंकरपाळे घेऊन आले मी."

हशा वाढला. त्याच्या खाली मंदार. ते वाचून हसू कमी झालं. मंदार उभा राहिला. आता चाळिशीचा, पोट सुटलेला.

"काका, कोणाला दिलंत माझं रक्त?"

"रुग्णाला," काशिनाथराव म्हणाले.

"नाव काय होतं त्याचं?"

"ते तेव्हाच सांगितलं असतं तर आज विचारायची वेळ आली असती का?"

मंदार खुर्ची मागे सारून निघून गेला. निनादच्या मनात आलं, बंदच करावं, पण अच्युतराव आता हटून बसले होते, कारण आपली अब्रू गेली आहे तर निदान ती सगळ्यांच्या सोबत गेलेली बरी, असा त्यांचा विचार असावा. "चालू द्या, चालू द्या. लहान गट बघा एखादा," ते म्हणाले. निनादलाही वाटलं, ओ निगेटिव्ह टाकावा, नऊच माणसं, त्यात काय असणार. त्याने टाकला.

चौथं पान त्याचं होतं.

काशिनाथराव पडद्याकडे बघत नव्हते. ते निनादच्या हाताकडे बघत होते. हात माऊसवर तसाच राहिला. शे-सव्वाशे माणसांनी ती एक ओळ वाचली आणि ज्यांना नलिनीताई आठवत होत्या त्यांनी दुसऱ्यांदा वाचली. मग अच्युतरावांनी, त्यांच्या आयुष्यातलं बहुधा पहिलं खरंखुरं समाजकार्य म्हणून, उठून प्रोजेक्टरची वायर ओढली.

परतताना गाडी निनादच चालवत होता. रोशनपुऱ्याच्या सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "मी फोन बघितला होता, बाबा."

काशिनाथरावांनी काचेतून सिग्नलकडे पाहिलं.

"सातही बघितले. मीटिंग होती. अपर्णाचा मेसेज आला, तेव्हा तिला लिहिलंसुद्धा, की बाबांचा फोन येतोय, फिर किसी का ख़ून चाहिए." अपर्णा म्हणजे त्याची बायको.

"सात वेळा केला मी."

"तुम्ही सातच वेळा करता. नेहमी. कुणा तिवारीबाईंच्या जावेसाठी सात, कुठल्या ट्रकवाल्यासाठी सात. मी आठ-दहा वेळा आलोय त्यांच्यासाठी, ऑफिस सोडून. त्या दिवशी नाही आलो."

"निरोप पाठवला होता."

सिग्नल हिरवा झाला. निनादने गाडी पुढे नेऊन कडेला लावली. फोन काढला, वडिलांचं नाव उघडलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. तो सगळे निरोप जपून ठेवणाऱ्यांपैकी होता. काशिनाथराव खालून वर बघत गेले. 'ओ निगेटिव्ह हवे. ताबडतोब.' त्याच्यावर, 'ओ निगेटिव्ह हवे. ताबडतोब.' त्याच्यावर पुन्हा तेच. दवाखान्याचं नाव बदलत होतं, खाली का. ना. पिंपळापुरे तेच.

"यातला आईचा कोणता, सांगा," निनाद म्हणाला.

काशिनाथराव तारीख शोधू लागले. चष्मा वर केला, खाली केला. तारखा बारीक होत्या.

"बघा, तुम्हालाही तारीखच शोधावी लागतेय," निनाद म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आई, एवढं लिहायला किती वेळ लागतो? दोन अक्षरं. आत्ता चारशे लोकांची खानदानी माहिती टाईप केलीत."

"नियम सगळ्यांना..."

"हो, माहीत आहे. सारखा."

काशिनाथरावांना आठवलं. पहिल्या फोननंतर ओठांवर आलं होतं की निरोपात 'तुझी आई' असं लिहावं. मग वाटलं, बाकीच्यांना नाव नाही आणि घरच्यासाठी नाव, हा पक्षपात झाला. आणि खरं म्हणजे असंही वाटलं होतं की आपल्या मुलाला सांगावं का लागावं. ते निनादला त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फोन परत दिला.

निनादने गाडी सुरू केली. "चार वर्षं तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. लिहून मात्र ठेवलंत. मीच बनवलेल्या गोष्टीत, माझ्याच नावाखाली." टी. टी. नगरच्या घरासमोर गाडी थांबली. "जा. जपून उतरा."

दुसऱ्या दिवशी त्याने एका ओळीचा हुकूम देऊन सगळ्या पानांवरची पेन्सिल काढून टाकली. रजिस्टराच्या समासात खोडरबर घेऊन बसलं असतं तर आठवडा गेला असता, इथे पापणी लवेपर्यंत काम झालं. फोनवर एवढंच म्हणाला, "काढली." महिनाभरात एक्केचाळीस जणांनी आपलं नाव कमी करायला सांगितलं. त्यात मंदार पहिला. मनोहर बोबडे मात्र घरी येऊन म्हणाले, "क्रिकेटबद्दल तुम्ही मुद्दाम चुकीचं बोलत होता, हे कळल्यापासून मला झोप नाही. मला वाटायचं, माणूस चांगला आहे पण खेळातलं काही कळत नाही. आता कळतंय की खेळातलंही कळतं." अच्युतराव राहिले, पण फोटोवाला त्यांनी आता स्वतःच्या खर्चाने ठेवला. निनादला कंपनीचं बक्षीस मिळालं. ते काशिनाथरावांना शेजाऱ्याने पेपर दाखवला तेव्हा कळलं. निनादचा फोन आला नाही. दिवाळीला त्याने अपर्णाबरोबर डबा पाठवला.

डिसेंबरात एका दुपारी ब्लड बँकेतून फरहतबाईंचा फोन आला. काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या ह्या बाई काशिनाथरावांना त्यांच्या पुतण्यांपेक्षा जास्त ओळखत. "अंकल, ओ निगेटिव्ह. डिलीवरी का केस है, रेहाना नाम है, तेईस साल की बच्ची, बहुत ब्लीड कर रही है. जो भी हो, जल्दी."

आता गट टाकला की नावं दिसत. ओ निगेटिव्हची सहा उरली होती. बैरागढवाला उचलत नव्हता. मंडीदीपवाला इंदूरला गेलेला. एकाने दीड महिन्यापूर्वीच दिलं होतं. एकाला डेंग्यू. पाचवीने सांगितलं, येते, पण दोन तास लागतील. सहावं नाव यादीत चौथं होतं आणि काशिनाथराव ते चार वेळा ओलांडून गेले होते.

त्यांनी फोन लावला नाही. निरोप लिहायला घेतला. 'ओ निगेटिव्ह हवे. ताबडतोब' इतकं बोटांनीच लिहिलं. मग पुसलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला आणि नाव लिहिलं. 'निनाद, रुग्ण रेहाना नावाची मुलगी आहे, वय तेवीस. बाळंतपण. आपलं कुणी नाही. तुला जमलं तर.' पाठवला आणि उठून चप्पल घातली.

ब्लड बँकेत पोचले तर फरहतबाई फॉर्म लावत होत्या. काशिनाथराव बाहेरच्या बाकावर बसले. बराच वेळ गेला. आतून कुणीतरी बर्फाची पेटी घेऊन पळत गेलं. मग फरहतबाई बाहेर आल्या.

"हो गया अंकल. आप अब तक यहीं बैठे हैं?"

"कोई आया था?"

"आपके साहबज़ादे. आपसे पहले ही आ गए थे, दे के गए. मैंने कहा, अंकल बाहर बैठे हैं. बोले, जल्दी है, और पीछे वाले गेट से निकल गए."

"कितने बजे आया?"

फरहतबाईंनी फॉर्म पाहिला. "तीन बजकर पाँच पे एंट्री है. आपका मैसेज कब गया था?"

पावणेतीनला. काशिनाथरावांनी फोनमध्ये पाहिलं, दोनदा पाहिलं. वीस मिनिटं. कोलार रोडपासून इथपर्यंत, दुपारच्या गर्दीत, वीस मिनिटं. पावणेअकराला लिहिलं असतं तर अकरा-पाच झाले असते. त्यांनी हिशेब तिथेच सोडला, पण तो त्यांच्या डोक्यात आपोआप पुढे चालत राहिला. साडेअकराला तपासणी, बाराला पहिली बाटली.

पॅसेजमधून एक पोरगेलासा नवरा आला. डोळे सुजलेले, हातात चपलांची पिशवी. ह्यांच्याच एका निरोपावर रक्त आलं, असं सांगून फरहतबाईंनी बोट दाखवल्यावर तो काशिनाथरावांसमोर येऊन उभा राहिला आणि काय करावं हे न कळून त्यांच्या पायांकडे वाकला.

"रेहाना ठीक है, बाऊजी. डॉक्टर बोले, टाइम पे मिल गया. किसने दिया, नाम बता दीजिए. अम्मी दुआ पढ़ना चाहती हैं."

नाव सांगायचं नसतं. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाही, घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाही.

"निनाद," काशिनाथराव म्हणाले. "मेरा बेटा है."

"आपका बेटा?" पोरगा बाकावर त्यांच्या शेजारी बसला. त्याने पहिल्यांदाच नीट श्वास घेतला. "एक मैसेज पे दौड़ा आया? बड़े नसीबवाले हैं आप, बाऊजी."

काशिनाथरावांनी होकारार्थी मान हलवली.